पट्टीखालचा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे, तराजूचा नव्हे आणि पायात रुतणारा तर मुळीच नव्हे. एका मोटारीच्या इंजिनाला किती ताप चढला आहे, हे सांगणारा मी बोटाच्या पेराएवढा काटा. डावीकडे थंड, उजवीकडे लाल, एवढंच माझं जग होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासारखे शेकडो काटे एका ताटात ठेवलेले असत. इंजिनाभोवती जे पाणी फिरतं, त्यात एक सेन्सर बुडलेला असतो. त्याची तार माझ्यापर्यंत येते. त्याला जे कळतं, ते मी वर बसून सांगतो. इंजिनात डोकावायला मला स्वतःचे ना डोळे, ना कान. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन ठेपलं.

आमची गाडी एका बाईंची होती. बाई गाडी चालवायला शिकवायच्या. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं आणि क्लासात दुसरी गाडी नव्हती. गॅरेज चालवणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावानं त्यांच्या बाजूला एक जादा ब्रेक बसवून दिला होता. त्या एका ब्रेकच्या जोरावर बाईंनी भल्याभल्यांना रस्त्यावर आणलं. शिकणाऱ्याला त्या पहिल्याच दिवशी सांगत, "आरसा, रस्ता आणि काटा. काटा कधी खोटं बोलत नाही." तेव्हा मी फुलून जात असे. कौतुक कुणाला नको असतं?

पण शिकाऊ माणसांचं काही सांगता येत नाही. एक गृहस्थ माझ्याकडेच टक लावून बघत बसले आणि गाडी थेट एका कुंपणाच्या भिंतीवर नेली. बाईंचा ब्रेक होता म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्यावर काळी चिकटपट्टी लावली. शिकणाऱ्यांनी रस्त्याकडे बघावं, आपण पट्टीचं टोक उचलून अधूनमधून बघू, असा त्यांचा हिशेब. पहिले काही महिने त्या तासातासाला बघत. मग सकाळी एकदा. मग आठवड्यातून एकदा. मित्रांनो, मला राग नाही आला. सवय अशीच सुटते, कुणाला कळतही नाही.

त्याच सुमारास गाडी पाणी प्यायला लागली. बाई दर सोमवारी बाटलीभर पाणी ओतत आणि हसून म्हणत, "वय झालं की तहान लागायचीच." भाऊ मात्र हसला नाही. "ताई, पाणी जातंय म्हणजे कुठेतरी जातंय. गाडी दोन दिवस माझ्याकडे सोड."

"परीक्षा होऊ देत सगळ्यांच्या. मग ठेव आठवडाभर."

परीक्षा कधी संपतात? एक तुकडी पास झाली की दुसरी उभी. पट्टीखाली मी रोज थोडा थोडा उजवीकडे सरकत होतो. जीव तोडून सांगत होतो आणि माझ्यापुढे नुसता काळोख होता.

त्या दिवसांत औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एक काकू शिकायला येत. पन्नाशी उलटलेली, पण नाक तिखट. एकदा त्या म्हणाल्या, "मॅडम, गाडीत खोकल्याच्या औषधासारखा गोड वास येतोय."

"तुमच्या दुकानाचा वास तुमच्या कपड्यांना लागलाय, काकू. पुढे बघा."

काकू ओशाळल्या आणि पुढे बघू लागल्या. तो वास इंजिनात जळणाऱ्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात त्या द्रवाचा होता. मागच्या नळीतून पांढरा धूरही निघत होता. पण मागे कोण बघतो?

काकूंच्या परीक्षेच्या दिवशी मैदानाबाहेर लांब रांग होती. गाडी उन्हात तासभर चालू ठेवून उभी. मी लालमध्ये पोचलो आणि घरी निघेपर्यंत तिथेच राहिलो. काकू पास झाल्या. बाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि घरी जातानाही त्यांनाच चालवायला दिलं. पुलाच्या चढावर गाडी अडखळू लागली.

"मॅडम, ओढत नाहीये. आणि तो वास फार येतोय आता."

या वेळी बाईंनी पट्टी उचलली. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगावर उजेड पडला. मित्रांनो, हाच तो क्षण, ज्यासाठी मला घडवलं होतं. आणि त्या क्षणी मी डावीकडे, पार तळाशी पडलो होतो.

"बघा, थंडगार आहे. भिऊ नका, रेस द्या," बाई म्हणाल्या.

काकूंनी रेस दिली. आतून कुणी हातोडा मारावा तसे ठोके आले आणि इंजिन जागीच जाम झालं. गाडी मागे घसरू लागली तेव्हा बाईंनी आपला ब्रेक दाबून धरला. तो शेवटचा.

भाऊ धावत आला. गाडी निवल्यावर त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं, आत थेंब नव्हता. तेलाचं झाकण उघडलं, तर खाली सायीसारखा दुधाळ चिखल. "हेड गॅस्केट, इंजिनाच्या जोडातलं पाणी अडवणारं पॅकिंग, कधीच गेलंय. थोडं पाणी जळत होतं, थोडं तेलात उतरत होतं," तो म्हणाला.

"पण काटा खाली होता. मी आत्ता बघितला."

"ताई, सेन्सर पाण्याचा ताप सांगतो. पाणीच संपलं तर तो काय सांगणार? आधी लालवर गेला असणार आणि मग एकदम खाली आला असणार, तेव्हाच थांबायला हवं होतं."

बाईंनी काकूंकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काकू सांगत होत्या." काकू फुटपाथवर बसून रडत होत्या, जणू त्यांनीच गाडी मोडली.

भावानं इंजिन खोललं, तेव्हा त्याच्या मुख्य लोखंडी ठोकळ्यालाच चीर गेलेली दिसली. गाडी भंगारात गेली. क्लासची पाटी उतरली. बाई आता दुसऱ्याच्या क्लासात फॉर्म भरून देतात. मी भावाच्या गॅरेजमध्ये एका खोक्यात, नटबोल्टांच्या गर्दीत पडून आहे. बाई एकदा आल्या होत्या. मला उचलून काचेवरचा पट्टीचा डिंक त्या नखानं खरवडत बसल्या. "तू तरी सांगायचंस रे," एवढंच म्हणाल्या. मी किती सांगितलं होतं, हे मी त्यांना कसं सांगू? आणि ऐन वेळी गप्प बसलो, हेही खोटं नव्हतं.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणणार नाही. माझं इंजिनच उरलेलं नाही. एकच मागणं आहे. घरात, शाळेत, शेजारी कुणी रोज कुरकुरत असेल आणि एक दिवस अचानक शांत झालं, तर बरं वाटलं असेल असं समजून पुढे जाऊ नका. जवळ जाऊन विचारा.

गॅरेजमध्ये येणारी माणसं मला कधीकधी हातात घेतात. मी डावीकडे, थंडवर टेकलेला असतो. ते म्हणतात, "हा ठीक दिसतोय," आणि मला परत खोक्यात टाकतात.