अकरा कमानी

कमान डोक्यावरून मागे गेली आणि तोर्लेफनं वहीत आजची अकरावी रेघ ओढली.

"आला?" रस्त्यावरची नजर न काढता रॅग्नानं विचारलं.

"आला. एक. सगळं ठीक."

त्यानं पेन्सिल वहीच्या घडीत ठेवली आणि डावा हात उजव्या हातानं उचलून पुन्हा मांडीवर नीट ठेवला. जानेवारीतल्या अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तो हात असा मधूनमधून मांडीवरून घसरायचा.

पेटी सीमेवरच्या पेट्रोल पंपावर घेतली होती. मुठीत मावेल एवढी, पांढरी, कोपऱ्यावर ओरखडा असलेली. साडेतीन टनांवरच्या गाडीला, मग ती त्यांच्यासारखी मोटरहोम का असेना, ऑस्ट्रियात ती लावावीच लागते. महामार्गावर ठरावीक अंतरावर लोखंडी कमानी आहेत. त्यांच्याखालून गेलं की भरून ठेवलेल्या पैशांतून टोल कापला जातो आणि पेटी एकदा वाजते. दोनदा वाजली तर पैसे संपत आले. चारदा वाजली तर टोल कापला गेलेला नाही. आणि वाजलीच नाही, तर पुढच्या पंपावर थांबून सांगायचं. काउंटरवरच्या मुलीनं हे सगळं बोटांवर मोजून सांगितलं होतं, आणि रॅग्नानं शाळेतल्या जर्मनच्या जोरावर नवऱ्याला.

"तिला सांग, पाण्याची टाकी निम्मीच भरली आहे," तोर्लेफ म्हणाला होता. "सायकलीपण घरी ठेवल्यात. साडेतीन टनांच्या आत आहोत आपण. हवं तर वजन करा म्हणावं."

मुलगी हसली होती. "गाडीत काय भरलंय ते आम्ही बघत नाही. कागदावर काय लिहिलंय ते बघतो."

कागदावर चार टन दोनशे किलो होते.

तिथंच तोर्लेफनं एक वही आणि पेन्सिल विकत घेतली. "तू चालव. मी ऐकतो," तो म्हणाला. "तुझे कान काय, कानातले अडकवायला दिलेत देवानं."

रॅग्नाचे कान हा घरातला जुना विनोद होता. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं यंत्रांच्या घरघरीत काढल्यानं साठीच्या आधीच तिला कानाचं यंत्र लागलं. गाडी चालवताना त्यात इंजिनाचा नुसता खळखळाट ऐकू येई, म्हणून ती ते काढून कप ठेवायच्या खाचेत ठेवायची. तोर्लेफ मात्र जहाजावरचा रेडिओवाला. वादळात, चार भाषांच्या गोंगाटातून तो एक बारीक टिकटिक वेगळी काढायचा. त्या काळी दर तासाला दोनदा तीन तीन मिनिटं सगळी जहाजं गप्प बसत. कुणी बुडत असेल तर त्याची हाक ऐकू यावी म्हणून. त्या तीन मिनिटांत काही आलं नाही, तर तोर्लेफ नोंदवहीत एक छोटं शून्य काढायचा.

"काहीच ऐकलं नाहीस तर लिहायचं कशाला?" लहानपणी हिल्डेनं, त्यांच्या मुलीनं, विचारलं होतं.

"शून्यसुद्धा लिहावं लागतं, बाळा. नाहीतर मी ऐकत होतो की झोपलो होतो, हे कसं कळणार?"

जानेवारीनंतर त्याचा गाडी चालवायचा परवाना गेला. मग लाकूड फोडणं गेलं, मग शर्टाची बटणं. फेब्रुवारीभर तो स्वयंपाकघरात खिडकीशी गुडघ्यांवर हात ठेवून बसून असायचा, दवाखान्यात नंबर यायची वाट पाहावी तसा. रॅग्नानं कॉफी ठेवली की "मी काय करू?" असं विचारायचा, आणि तिला काही सुचायचं नाही. आता दोन दिवस तो विचारत नव्हता. आता त्याच्याकडे वही होती.

एक निळी गाडी त्यांना ओलांडून पुढे आली. तिच्या मागच्या काचेत अक्षरं पेटली: मागे या.

"आपल्याला?" तोर्लेफ म्हणाला.

"आपल्यालाच."

बोगद्यापलीकडच्या वाहनतळावर दोन्ही गाड्या थांबल्या. नारिंगी जाकिटातली, टोल तपासणारी चाळिशीची बाई उतरली, चष्मा डोक्यावर चढवलेला, हातात टॅब्लेट. रॅग्नानं यंत्र कानात घातलं आणि काच खाली केली.

"सकाळी किती वाजता निघालात?"

"आठला."

"आठ वाजून बारा मिनिटांपासून तुमच्या गाडीचा टोल एकदाही कापलेला नाही. अकरा कमानी." बाई वाकून आत बघू लागली. "पेटी कुठं आहे?"

रॅग्नानं बोट दाखवलं, आणि दाखवता दाखवताच तिला दिसलं.

रात्री काचेला आतून चंदेरी चटई लावायची, हे मोटरहोमवाल्यांचं रोजचं काम. थंडी बाहेर राहते. चटई बसावी म्हणून पेटी काचेवरून काढावी लागते. सकाळी गारठा होता, तोर्लेफचे गुडघे दुखत होते, म्हणून रॅग्नानं चटईचा वरचा सुटा भाग काढून खालचा वीतभर पट्टा काचेला तसाच ठेवला होता. पेटी मात्र तोर्लेफनं बसवली होती. ते त्याचं काम होतं. काचेला नव्हे, पट्ट्याला टेकवून बसवली होती. पेटी आणि कमानी यांच्यामध्ये ॲल्युमिनियम; संदेश पोचणारच नाही.

बाईनं हात आत घालून पट्टा खाली ओढला. "दर हिवाळ्यात चारपाच जण भेटतात असे," ती म्हणाली. "पण मग पेटी वाजत नाही. तुमच्या लक्षात आलं नाही? शंभर किलोमीटरच्या आत सांगितलं असतंत तर नुसता टोल भरून सुटला असतात."

"काय म्हणते?" तोर्लेफनं विचारलं. त्याला जर्मन येत नव्हतं.

रॅग्ना त्याच्याकडे वळली. आयुष्यभर तिनं जे मोजलं तेच लिहिलं होतं. एकदा एका गावाचं पाणी बंद करायला लावलं होतं, तेव्हाही.

"म्हणते, पेटी जुनी आहे," ती म्हणाली. "वाजते, पण हिशेब त्यांच्यापर्यंत पोचत नाही."

"म्हणजे वाजत होती ना?"

"वाजत होती."

"मग वही दाखव की तिला!" त्यानं उजव्या हातानं वही पुढे केली. "दाखव. म्हणावं, इथं बसून एकेक मोजलाय."

रॅग्नानं हात पुढे केला नाही. बाईनंच खिडकीतून घेतली. चष्मा नाकावर आणला, टॅब्लेट शेजारी धरला आणि बोटानं एकेक रेघ मोजली. रेघा सरळ होत्या, सारख्या उंचीच्या, प्रत्येकीपुढे वेळ.

"आठ बारा. आठ एकोणीस," ती पुटपुटली. मग हळू आवाजात, फक्त रॅग्नाला ऐकू जाईल असं म्हणाली, "एकही कमान सुटलेली नाही. पण पेटी तर एकदाही वाजलेली नसणार."

"ते जहाजावर रेडिओ सांभाळायचे," रॅग्ना म्हणाली.

बाईनं तोर्लेफकडे पाहिलं. तो ताठ बसला होता, वरिष्ठ तपासणीला आल्यावर बसावं तसा.

"दंड मला लावावाच लागेल," बाई म्हणाली. "मशिनला कारण सांगता येत नाही." रॅग्नानं कार्ड दिलं. बाईनं पावती दिली आणि वही मिटून परत केली. "त्यांना सांगा, नोंदी फार नीट ठेवल्यात."

एवढं मात्र रॅग्नानं शब्दाला शब्द सांगितलं.

"बघ," तोर्लेफ म्हणाला. "कामाची कदर असणारे लोक आहेत."

पुन्हा रस्त्याला लागताना तिनं यंत्र कानातून काढलं नाही. इंजिनाचा खळखळाट डोक्यात शिरला. पेटी आता काचेला चिकटवलेली होती. पुढची कमान दुरून दिसली, जवळ आली, आणि पेटी वाजली. कपाला चमचा लागावा तशी, स्पष्ट.

तोर्लेफची पेन्सिल हलली नाही. त्याची नजर वर होती. कमानीची सावली टपावरून सरकून मागे गेली, तेव्हा त्यानं रेघ ओढली.

"आला," तो म्हणाला. "ऐकलंस?"

"नाही," रॅग्ना म्हणाली. "एक ना?"

"एक."

त्यानंतरच्या कमानीखाली पेटी दोनदा वाजली.

"एक," तोर्लेफ म्हणाला आणि रेघ ओढली. "सगळं ठीक."

रॅग्नानं पुढच्या पंपासाठी सिग्नल दिला.

"आता कशाला?"

"कॉफी. आणि पेटी बदलून मिळते का बघते. जुनी आहे म्हणाली ना ती."

पंपावर रांग होती. तिच्यापुढे एक पोलिश ट्रकवाला आणि एक पोरगा सँडविच निवडत उभा. रॅग्नानं पेटीत पैसे भरले. तिथल्या मुलीनं पेटी परत देताना "आणखी काही?" असं विचारलं. मग रॅग्नानं दोन कॉफी मागितल्या. कानांचा डॉक्टर आणखी एक यंत्र देईल, तिनं विचार केला. पण त्यासाठी आधी तोर्लेफला सांगावं लागेल. की त्याच्याकडे जे शेवटचं उरलं होतं, तेही उरलेलं नाही.

ती परत आली तेव्हा पुढची काच मोकळी होती. चंदेरी पट्टा तिथं नव्हता. तो घडी करून, नाडीनं बांधून मागच्या पलंगावर ठेवलेला होता. बांधायला दोन हात लागतात, म्हणून गाठ वाकडीतिकडी होती, दातांनी ओढल्यासारखी. तोर्लेफ खिडकीबाहेर ट्रक धुणाऱ्या माणसाकडे बघत होता.

वही तिच्या सीटवर उघडी पडली होती.

अकरा रेघांखाली अकरा छोटी शून्यं होती. पेन्सिल ठाम टेकवून काढलेली, सारख्या आकाराची. बाराव्या आणि तेराव्या रेघेखालीही शून्य होतं.

ती वही हातात धरून उभी राहिली. कॉफीचं झाकण सैल होतं, बोटांवर थेंब पडत होते.

"नवी दिली?" बाहेर बघतच तोर्लेफनं विचारलं.

"दिली," ती म्हणाली.

त्यानं पेटी तिच्या हातातून घेतली. कोपऱ्यावरचा तोच ओरखडा त्याच्या अंगठ्याखाली आला. त्यानं ती काचेला लावली आणि बराच वेळ दाबून धरली.

"मी काय करू?" तो म्हणाला.

तिनं वही त्याच्या मांडीवर ठेवली. पेन्सिल खाली पडली होती, तीही वाकून उचलून दिली. मग गाडी सुरू केली.

डोंगर मागे पडत होते. कॉफी कुणीच पीत नव्हतं. तोर्लेफ वर बघत नव्हता, वहीकडेही नाही; तो तिच्या हातांकडे बघत होता. कमान आली. पेटी एकदा वाजली.

रॅग्नानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

शेजारी कागदावर पेन्सिल टेकल्याचा आवाज आला. तो तिला ऐकू आला.