भिंत आणि मोटरसायकल यांच्यामध्ये

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, दुपारी पांडेलिसकाकांच्या करड्या गाडीचा अर्गिरोच्या मोटरसायकलला धक्का लागला, तेव्हा काकांचा उजवा हात स्टिअरिंगवर नव्हता. तो शेजारच्या सीटवरच्या परातीवर होता. परातीत बेकरीच्या भट्टीतून नुकतेच भाजून आणलेले मासे आणि बटाटे होते. वळणावर रस्सा सांडला तर सीटचं वाटोळं होईल, म्हणून काका परात सांभाळत होते. हे त्यांनी स्वतःच सगळ्या गल्लीला सांगितलं, आणि असं सांगितलं की दोष परातीचाच वाटावा.

गाडीला वेग असा नव्हताच. मोटरसायकल कलली, घराच्या भिंतीवर आपटली आणि तिथेच टेकून राहिली. उजवा आरसा फुटला, ब्रेकची दांडी वाकली, पायांपुढचं निळं प्लॅस्टिक तडकलं. हँडलचं टोक भिंतीत घुसलं, तिथला चुन्याचा पोपडा उडून आतली तांबडी वीट दिसायला लागली. एवढंच. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

अर्गिरो तेव्हा दाराच्या पायरीवर बसून मुलीच्या बुटाची नाडी बांधत होती.

मिर्तो साडेचार वर्षांची. मोटरसायकलवर बसायच्या आधी ती नेहमी एकाच जागी जाऊन उभी राहायची, भिंत आणि मोटरसायकल यांच्यामध्ये. तिथे सावली असायची, आणि ते तिला स्वतःचं घर वाटायचं. त्या दिवशीही ती तिथेच होती. नाडी सुटलेली दिसली म्हणून अर्गिरोनं तिला पायरीवर बोलावलं. पोर कुरकुरत आली. गाठ मारून होते न होते तोच तो आवाज झाला.

मग माणसं जमली. काकांनी आधी परात उघडून पाहिली, मग मोटरसायकल. चाळीस वर्षं त्यांनी अथेन्सची बस चालवली होती, डोंगरातल्या त्या जुन्या रस्त्यानं, आणि कधी बसला ओरखडा उठू दिला नव्हता. फिलियात्रा गावात हे माहीत नसलेला माणूस नव्हता, कारण काकांनी तसा कुणी उरू दिला नव्हता. आता ते म्हणाले की मोटरसायकल जरा बाहेरच आली होती. कोपऱ्यावरच्या बाईनं मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, आरसाच फुटलाय, देवाची कृपा. अर्गिरोला काहीतरी बोलायचं होतं. पण तिच्या हातात अजून नाडीचं टोक होतं, आणि तिला शब्द सापडेपर्यंत सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं की प्रकरण किरकोळ आहे.

सोमवारी तिनं मोटरसायकल ढकलत निकिफोरोसच्या गॅरेजात नेली. दांडी त्यानं तिथल्या तिथे सरळ करून दिली. प्लॅस्टिकला आतून पट्टी मारली. आरसा कालामाता शहरातून मागवावा लागेल म्हणाला, आणि ईस्टरच्या आठवड्यात तिकडून कुणी खिळासुद्धा पाठवत नाही. तोवर हळू चालव, मान वळवून मागे बघत जा. अर्गिरोला हसू आलं. मान वळवून बघण्याखेरीज ती गेली साडेचार वर्षं दुसरं काय करत होती.

दुपारी विमा कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकून झाल्यावर एका मुलीनं सांगितलं की दोन्ही पक्षांनी मिळून एक कागद भरायचा, खाली दोघांनी सह्या करायच्या. तो कागद घेऊन अर्गिरो काकांच्या अंगणात गेली. काका लिंबाच्या झाडाखाली घेवडा निवडत बसले होते. त्यांनी चष्मा न लावताच कागद परत केला. आरसा मी भरून देतो, म्हणाले, पण सही मागू नकोस. सही केली म्हणजे मी अपघात केला असं होतं.

"केलाच ना, काका."

"पोरी, धक्का लागला. अपघात वेगळा. अपघात मी पाहिलेत."

ती परत आली. तिला आरसाही नको होता आणि सहीही नको होती, हे घरी पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं. तिला फक्त एवढंच हवं होतं की त्या भिंतीपाशी काय होता होता राहिलं, ते या माणसाला कळावं. परात धरून तो दर रविवारी त्याच वळणावरून जाणार होता. एरवीही जाणार होता, कधी पाव, कधी कोंबड्यांचं खाद्य, सीटवर काही ना काही असणारच होतं. पण हे सांगायचं कसं? न झालेली गोष्ट दाखवायची कशी?

नवऱ्याला, लाम्ब्रोसला, तिनं फोनवर सांगितलं होतं. तो झाकिंथोस बेटावरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी, हंगाम सुरू व्हायचा म्हणून आठवडाभर आधीच गेलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मागे भांडी आदळत होती. मग म्हणाला, "अर्गिरो, जे झालं नाही त्याचा विचार करत बसलीस तर वेड लागेल." खरंच होतं ते. म्हणूनच तिला फोन ठेवल्यावरही बराच वेळ उठवेना.

मंगळवारी संध्याकाळी काका दारात आले, खांद्यावर तेलाचा पत्र्याचा डबा घेऊन. या वर्षीचं, आपल्याच ऑलिव्हच्या झाडांचं, पहिल्या घाण्याचं. सासू स्टाव्रुला वरच्या मजल्यावरून लगबगीनं खाली आली, काकांना कॉफी केली, तुमच्या गुडघ्यांचं कसं काय विचारलं. अर्गिरोनं डबा दारामागे नेऊन ठेवला, झाकणाला हात न लावता. या गावात डबा आला म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. तो फोडला की भांडण संपलं. मग पुन्हा तोंड उघडणारा माणूस हावरट ठरतो. म्हणून तिनं सासूला नीट सांगितलं की आई, हा डबा असाच राहू द्या, मला अजून काकांशी बोलायचंय. सासू हो म्हणाली.

बुधवारी अर्गिरो दातांच्या दवाखान्यातलं काम आटोपून घरी आली तर जिन्यापासूनच तळणीचा वास. सासूचा स्वतःचा ईस्टरआधीचा उपास, तेल तिला वर्ज्य. पण मिर्तोनं तळलेले बटाटे मागितले, आणि घरातलं तेल नेमकं संपलेलं. पोरीला कसला आलाय उपास. डबा फोडलेला होता. त्यातली एक बाटली भरून कोपऱ्यावरच्या बाईलाही गेली होती, चव बघायला.

"आई, मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"अगं, तेल आहे ते, कोर्टातला पुरावा नव्हे. म्हातारा शरमलाय, वाकून आला दारात. अजून काय त्याला नाक घासायला लावायचं? आणि उद्या मी मेले की खांदा द्यायला तोच येणार आहे, तुझी विमा कंपनी नाही."

अर्गिरो भांडली नाही. तिच्यात ताकदच उरली नव्हती. मिर्तोच्या बशीतला एक बटाटा तिनं खाल्ला. तेल फार चांगलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावाच्या दुकानात काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, कसं काय तेल, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "चांगलंय, काका." काकांनी समाधानानं मान हलवली. झालं. संपलं.

तसं ते संपलंही असतं. पण काका पडले कामाचे पक्के. त्याच दिवशी, गुरुवारी, घराघरांत ईस्टरची अंडी लाल रंगात बुडत असताना आणि गल्लीभर भिंतींवर सणाचा चुना चढत असताना, ते बादली आणि कुंचा घेऊन अर्गिरोच्या दारी उभे राहिले. भिंत मी खराब केली, मीच नीट करतो, म्हणाले. पोपडा उडालेल्या जागी भरायला त्यांनी थोडं सिमेंटही कालवून आणलं होतं. वरून चुना दिला की झालं. आरसा आला की मोटरसायकलही होती तशी होईल, भिंत तर आजच होईल, मग कुणाला काही दिसायला नको.

अर्गिरोचे हात कोपरापर्यंत लाल होते. ती तशीच बाहेर आली. "थांबा काका, नका लावू."

"का गं?"

"राहू द्या तो खड्डा."

काकांनी कुंचा बादलीच्या काठावर आडवा ठेवला. आता त्यांचाही धीर सुटत चालला होता. "तेल घेतलंस. आरशाला मी हो म्हटलं. भिंत सारवतोय. आता काय, चर्चच्या घंटेखाली उभं राहून माफी मागू? आणि मी म्हणतो, एवढ्याशा पोरीला मोटरसायकलवर घालून गावभर फिरतेस तू, आणि गाडी कशी चालवायची ते मला शिकवतेस?"

हे नेमकं लागलं. कारण हाच प्रश्न ती स्वतःला रोज सकाळी हेल्मेटचा पट्टा आवळताना विचारायची. दुसरी गाडी नव्हती, बस दोन गावांना मिळून एकच होती, आणि सगळेच तसं करायचे. यातलं एकही उत्तर तिला पुरत नसे. मनात जुळवून ठेवलेलं सगळं भाषण विस्कटलं. ती भिंतीपाशी लाल हात लोंबकळत ठेवून उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं, पण तेही आलं नाही.

तेवढ्यात मिर्तो आतून आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पट्टा सुटलेला. आई बाहेर उभी आहे, मोटरसायकल दारात आहे, म्हणजे आपण निघालो, असं तिनं धरलं होतं. कुणाकडे न बघता ती वाकून हँडलखालून आत शिरली आणि भिंत आणि मोटरसायकल यांच्यामधल्या आपल्या जागी, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग काहीतरी गुणगुणत, गरम झालं म्हणून, तिनं हेल्मेट काढलं.

विटेचा तांबडा खड्डा तिच्या कानाशेजारी होता. वर नाही, खाली नाही. अगदी शेजारी.

काका बघत राहिले. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. मग त्यांनी मान वळवून गल्लीच्या टोकाकडे पाहिलं, जिथून त्यांची गाडी वळायची, आणि पुन्हा पोरीकडे. तिथून पाहिलं तर हँडलच्या वर मिर्तोच्या केसांचा एक झुबका तेवढा दिसला असता.

"ही इथं उभी राहते?"

"रोज."

"त्या दिवशी?"

"नाडी सुटली होती. मी हाक मारली."

काका जवळ आले. गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली वाकले, एका डोळ्यानं मिर्तोच्या उंचीवरून रस्ता बघावा तसे. मिर्तोनं त्यांना विचारलं, की तुम्ही पण येताय का? ते म्हणाले, नाही बाळा. उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. बादलीतला चुना गल्लीतल्या गटारात ओतला आणि कुंचा झटकत निघून गेले. सही, माफी, काही नाही. अर्गिरो आत जाऊन उरलेली अंडी रंगवत बसली. 

ईस्टर आला आणि गेला. लाम्ब्रोसला काही रजा मिळाली नाही. कालामाताहून आरसा आला तो डाव्या बाजूचा निघाला, निकिफोरोसनं तो परत पाठवला. भिंतीतला खड्डा तसाच राहिला. सासूला तो सणासुदीला बरा दिसत नव्हता, पण तिनं त्यावर चुना लावला नाही. का, ते अर्गिरोनं विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी अर्गिरो मिर्तोला आजीपाशी ठेवून औषधं आणायला निघाली होती. चौकाच्या पुढे तिला काका दिसले. पायी. त्यांची करडी गाडी गावाबाहेर तेलाच्या घाण्यापाशी उभी असते आता, शेताकडे जाण्यापुरती, असं तिच्या कानावर आलं होतं. काकांनी दोन्ही हातांत फडक्यानं परात धरली होती, नजर परातीवर, आणि गुडघे जपत ते रस्त्याच्या बरोबर मधून चालले होते. मागून एक टेम्पो हॉर्न देत आला. काकांना तो ऐकूही आला नाही.

अर्गिरोनं मान वळवून मागे पाहिलं, टेम्पोला हातानं थांबवलं आणि मोटरसायकल काकांच्या शेजारी नेऊन उभी केली. मागे दोरीनं बांधलेला भाज्यांचा प्लॅस्टिकचा क्रेट रिकामाच होता.

"द्या इकडे ती परात."

"अगं, गरम आहे."

"द्या म्हणते ना. आणि कडेनं चला, काका. कडेनं."

काकांनी परात क्रेटमध्ये ठेवली, भोवती फडकं नीट खोचलं, आणि जरा हलवून पाहिली. "वळणावर सांभाळ," ते म्हणाले. "रस्सा आहे."

ती हळूच निघाली. उजवीकडचं तिला काही दिसत नव्हतं, तिथे आरशाची नुसती काडी होती. म्हणून दर थोड्या वेळानं मान वळवून ती बघत होती, परात आहे ना, आणि त्याच्या मागे, कडेनं, म्हातारा येतो आहे ना. आता हेही बघावं लागणार होतं, दर रविवारी. ती मनाशी म्हणाली, ठीक आहे. आणि वळणाआधी तिनं वेग अजून कमी केला.