कुंपणाकाठचा नर

“नर आहे रे हा, सिरिल,” शेजारचा डेनिस कुंपणापलीकडून म्हणाला. “याला बोंडं यायची नाहीत. नुसता पराग उडवणार.”

सिरिल हॉगबेन शिडीवरच थिजला. तीन उन्हाळे त्याने हा हॉपचा वेल दोरीवर चढवला होता; बिअरला कडवट चव आणि वास येतो तो याच वेलाच्या बोंडांनी. या ऑक्टोबरात घरच्या हॉपची कडक बिअर घालायची, दोनशे वर्षांपूर्वीच्या कृतीने, आणि वर्षभर पिंपात मुरवून डेनिसचं नाक कापायचं, एवढीच त्याची इच्छा राहिली होती.

डेनिसची बिअर सगळ्या गावाला आवडे, त्याचं सिरिलला काही नव्हतं. पण त्याच्या बायकोला, एनिडला आवडे! नवऱ्याने केलेली बिअर ती दोन घोट घेऊन “छान आहे हं” म्हणत बाजूला सारायची. डेनिसकडे मात्र शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची आणि पेला टेबलावर उलटा ठेवायची. तो उलटा पेला पाहून सिरिलच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हट्टाने त्याने स्वतः डेनिसच्या बिअरला कधी ओठ लावला नाही. एनिडला जाऊन पाच वर्षं झाली, तरी तो जळतच होता.

म्हणून तर तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, डेनिस बहिणीकडे गेलेला पाहून भर दुपारी तो खुरपं घेऊन त्याच्या परसात शिरला होता. थंडीत वेल जमिनीपर्यंत वाळतात, नर-मादी सगळे खुंट सारखेच दिसतात. घाईघाईत त्याने टोकाच्या खुंटाचं मूळ तोडून आणलं. बी धरावं म्हणून डेनिसने रांगेच्या टोकाला एक नर ठेवलाय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

“गावात नर माझ्याकडे एकच आहे,” डेनिस म्हणाला.

सिरिल शिडी उतरला.

“मागायचंस की, लेका. तुझ्याच घरचं मूळ ते.”

“माझ्या घरचं?”

“एनिडने दिलेलं. तिच्या वडिलांच्या मळ्यातलं, मळा मोडला तेव्हाचं. आधी तुझ्याकडेच आणलं होतं म्हणे. तू म्हणालास, दुकानातले पाकिटातले हॉप बरे.”

सिरिलला आठवलं. ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी, आणि ती धरून दारात उभी असलेली एनिड. तो तेव्हा बिअरसाठी उकळलेल्या काढ्याचं तापमान बघत होता. त्याने मान वर केली नव्हती.

डेनिस घरात गेला, एक बाटली आणि पेला घेऊन आला, कुंपणावरून दोन्ही सिरिलच्या हातात दिली आणि न थांबता परत गेला.

सिरिल परसातल्या बाकावर बसला. बिअर आधी कडू लागली, मग संत्र्याच्या सालीसारखी, मग गोडसर. फार चांगली होती. त्याला अजून हेवा वाटत होता, फक्त आता तो कुणाचा करावा हे कळत नव्हतं.

त्याने शेवटचा थेंब संपवला आणि पेला बाकावर उलटा ठेवला.