डाव्या बाजूचा घास

मीनाक्षीने नवऱ्याचा सदरा मागून वर केला आणि पाठीवर उठलेल्या पित्ताच्या गांधी मोजल्या. काल त्यांना नुसता दुधी दिला होता, मीठ-जिऱ्यावर परतलेला. तरी सतरा.

"काही कमी?" हेमचंद्रांनी विचारलं.

"नाही."

अकरा महिने हेच चाललं होतं. गोळी घेतली की पित्त बसे, चुकली की उठे. "तुझ्या त्या मसाल्यांनीच त्याचं रक्त तापलंय," असं नणंद कुमुदताई पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, आणि हेमचंद्र पेपरात बघत राहिले होते. दादरमधली तीसेक घरं मीनाक्षीच्या हातचा गोडा मसाला नेत. तिने सगळ्यांना नाही म्हणून कळवलं. मग घरातून मासे गेले, वांगं गेलं, लसूण, आंबट गेलं. काय खाल्लं, किती उठलं, सारं तिने वहीत लिहिलं.

त्या सकाळी ती वही तिने पिशवीत टाकली.

"चला, परळच्या इस्पितळात. आज कारण कळल्याशिवाय मी घरी येणार नाही."

इस्पितळातल्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी वही शेवटपर्यंत वाचली.

"एवढं सोडूनही उठतंय, म्हणजे दोष जेवणाचा नसावा. कधी कधी शरीरात कुठेतरी संसर्ग मुरलेला असतो. घसा, पोट, दात. दाताचं काही दुखणं?"

"छे!" हेमचंद्र चटकन म्हणाले.

मीनाक्षीने त्यांच्याकडे पाहिलं. वर्षभर ती समोर बसून त्यांचा घासन्‌घास बघत आली होती.

"हे डाव्या बाजूनेच चावतात," ती म्हणाली.

हेमचंद्रांची मान खाली गेली. "दाढ दुखते. गेल्या वर्षीपासून. पण सुई बघितली की मला घेरी येते."

एक्स-रेमध्ये उजव्या दाढेच्या मुळाशी पू दिसला.

"दाढ काढली म्हणून पित्त जाईलच असं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काहींचं जातं, काहींचं नाही. पण हा पू ठेवून चालणार नाही."

"उद्या येऊ," म्हणत हेमचंद्र उठले.

मीनाक्षीने त्यांचा दंड धरला.

"आजच."

दाढ काढून परतताना टॅक्सीत तिने वही उघडली आणि सोडलेला एकेक पदार्थ त्यांना वाचून दाखवला. तोंडात कापूस असल्याने त्यांना बोलता येईना. ते तेवढं बरंच झालं.

तिसऱ्या आठवड्यात पाठीवर चार गांधी उरल्या. दोन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी गोळी थांबवली, तरी अंग कोरंच राहिलं.

एका रविवारी मीनाक्षी धणे भाजत होती. बाहेरच्या खोलीतून हेमचंद्रांचा फोनवरचा आवाज आला. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"ताई, मसाल्याचा काही संबंध नव्हता. माझी दाढ सडली होती. दुखत होती, आणि मीच लपवून ठेवलं. हिला उगाच ऐकावं लागलं."

मीनाक्षीने गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत ती दारात आली.

"अहो, फोन स्पीकरवर टाका," ती म्हणाली, "आणि पुन्हा एकदा सांगा."