आठ फॅमिली आणि चारुता

"पिवळी बोट, एकशे बारा पॉइंट. निळी बोट, शहाण्णव." संजीवने हातातल्या पॉइंटरचा लाल ठिपका टीव्हीवर गोल फिरवला. "सो, डेटा इज क्लिअर. कुणाचं काही ऑब्जेक्शन?"

कुणाचं असणार? मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनातल्या त्याच्या नव्या घरात आम्ही सगळे पाय पोटाशी घेऊन हीटरसमोर बसलो होतो. बाहेर जुलैचा गार वारा, आत गरमागरम साबुदाणा वडे आणि समोर जानेवारीतल्या समुद्राचे फोटो. संजीव एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. हा माणूस बटाटे घ्यायला गेला तरी आधी तक्ता करतो, आणि त्याची बायको नुपूर मग तक्त्यात नसलेले बटाटे घेऊन येते. शाळेच्या सुट्टीत सगळ्यांनी मुलांना घेऊन क्रूझला जायचं असं ठरलं, तेव्हा कुठल्या कंपनीची बोट घ्यायची हे काम आपोआप त्याच्याकडे गेलं. बोटींची खरी नावं लांबलचक होती. लोगोच्या रंगांवरून आम्ही त्यांना पिवळी आणि निळी करून टाकलं होतं.

निळीवर पाण्याच्या घसरगुंड्या होत्या आणि तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठी रात्री उशिरापर्यंत चालणारा क्लब होता. पिवळीवर इंडियन व्हेज बुफे, बॉलिवूड नाइट आणि फक्त मोठ्यांसाठी राखलेला डेक. मात्र मुलांचा क्लब संध्याकाळी बंद, आणि अगदी लहानांना तिथे घेतच नाहीत.

"पण मग संध्याकाळी पोरांचं काय?" माधवने विचारलं. त्याची जुळी चार वर्षांची आहेत आणि त्यांना एका जागी बसवणं हे काम देवालाही जमलेलं नाही.

"सॉर्टेड," संजीव म्हणाला आणि त्याने पुढची स्लाइड लावली.

वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'टोटल: आठ फॅमिली आणि चारुता'. खाली, 'रोज संध्याकाळी, मोठे: डिनर, शो, डान्स. मुलं: चारुता'. त्याच्याखाली, 'चौदा जानेवारी, संक्रांत. लेडीज: हळदीकुंकू, काळ्या साड्या, टॉप डेक. मुलं: चारुता'.

चारुता म्हणजे मी. माझ्या हातात अर्धा वडा होता, तो हातातच राहिला.

"बेस्ट!" माधव म्हणाला. "मुलं तशीही चारुताच्या मागे मागे असतात. ती प्रोफेशनल आहे, मेट."

आहेच मी प्रोफेशनल. वेरिबीच्या एका चाइल्डकेअरमध्ये टॉडलर रूम, म्हणजे दोन-तीन वर्षांच्या पोरांचा वर्ग, माझ्याकडे असते. सोमवार ते शुक्रवार मी दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसते, बूट शोधते आणि कोण कोणाला चावलं याचा निवाडा करते. घरी येऊन स्वतःच्या दोघांचं तेच करते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी ही क्रूझ माझ्या दारात येऊन उभी राहिली होती. पण खरं सांगायचं तर मला घोड्याचा राग आला नव्हता. मुलं मी आनंदाने सांभाळली असती, कुणी विचारलं असतं तर. मी पुन्हा पुन्हा ती पहिली ओळच वाचत होते.

रिकाम्या प्लेटा उचलून मी नुपूरच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

नुपूरबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला उगाच वाईट समजाल. दोन वर्षांपूर्वी माझा नवरा श्रीनाथ बॅडमिंटन खेळताना कोर्टवर कोसळला आणि घरी परत आलाच नाही. तेव्हा नुपूर तिच्या मुलाला, निनादला घेऊन माझ्याकडे राहायला आली होती. माझ्या शौनकला तिने शाळेत सोडलं, धाकट्या शाल्मलीला मांडीवर घेऊन झोपवलं, आणि मी जेवत नव्हते तेव्हा मला दमदाटी करून वरणभात खायला लावला. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. म्हणूनच तोंड उघडणं इतकं अवघड जात होतं.

"हे कुणी ठरवलं गं?" मी विचारलं.

"ठरवलं असं नाही. सुचलं. तू हल्ली नाचायला वगैरे येत नाहीस. सगळ्या कपल्समध्ये तुला बोअर होईल असं वाटलं."

"आणि हळदीकुंकू?"

तिने नळ सोडला आणि स्वच्छ असलेली एक प्लेट पुन्हा धुवायला घेतली. "ते... तुला ऑकवर्ड होऊ नये म्हणून. तू मुलांकडे असलीस की प्रश्नच नाही ना. कुणी काही विचारणार नाही."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, नुपूर. मी तिथे नको आहे, एवढंच ना?"

"चारू, असं काय बोलतेस! आम्ही तुझाच विचार केला गं."

केला होता, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. या मंडळींनी बसून, मनापासून, माझा विचार केला होता. आणि त्या विचारात मला एक केबिन, सोळा मुलं आणि एक बंद दार मिळालं होतं.

मी बाहेर आले. टीव्हीवर अजून तीच स्लाइड होती.

"संजीव, ते वरचं बदल. नऊ फॅमिली कर."

तो हसला. "अगं, ती फक्त केबिनसाठीची टर्म आहे. फॅमिली म्हणजे टू प्लस टू. तू वन प्लस टू, म्हणून वेगळी लाइन घेतली."

"वन प्लस टू म्हणजे काय, सुटे भाग?"

जिन्यावर मुलं गोळा झाली होती. त्यांत शौनक होता. दहा वर्षांचा मुलगा, मोठ्यांचं सगळं ऐकतो आणि ऐकलं नाही असं दाखवतो.

"चिल, चारुता," माधव म्हणाला. "हॉलिडे आहे यार, त्यात काय एवढं."

"म्हणूनच. मलाही हॉलिडे हवाय. मी निळ्या बोटीने जाईन."

"एकटी?" संजीवने विचारलं.

"नाही. फॅमिलीबरोबर."

असं ठणकावून बोलणं सोपं असतं. घरी खरी लढाई उभी होती. आमच्याकडे मी मराठीत भांडते आणि शौनक इंग्रजीत. दोघांचंही दोघांना समजतं, दुर्दैवाने.

"यू रुइन्ड इट! मी आणि निनाद एकाच केबिनमध्ये झोपणार होतो. वी हॅड अ प्लॅन!"

"आपण तिघं जाऊ की रे. त्या बोटीवर घसरगुंड्या आहेत."

"आय डोन्ट केअर अबाउट स्लाइड्स! आणि तू सगळ्यांसमोर फॅमिली फॅमिली करत होतीस. इट वॉज सो एम्बॅरसिंग. एव्हरीवन नोज डॅड्स नॉट..."

तो तिथेच थांबला. ते वाक्य त्याने दोन वर्षांत एकदाही पुरं केलं नव्हतं. शाळेत नव्या मुलांना तो सांगतो की डॅड इंडियात असतात. हे मला त्याच्या टीचरने हळूच सांगितलं होतं, आणि त्यावर काय करायचं हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. तो खोलीत गेला. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी मी डगमगले. कबूल करायला लाज कसली? ऑस्ट्रेलियात आमचं सख्खं कुणी नाही. ही आठ घरं म्हणजे आमचे काका, मामा, आत्या, सगळं काही. माझ्या मानापायी मुलांचं गणगोत तोडायचा मला काय अधिकार, असं वाटायला लागलं. थोडा वेळ केबिनमध्ये बसले असते तर काय झिजणार होते? फोन हातात घेतला, तेवढ्यात नुपूरचाच फोन आला.

"चारू, मी रात्रभर झोपले नाही. हे बघ, मुलांचं आम्ही टर्न बाय टर्न बघू. संजीवला मी सांगितलंय. आणि हळदीकुंकवालाही तू ये. प्लीज."

मी जवळजवळ हो म्हणणारच होते. पण तिच्या त्या शेवटच्या 'प्लीज'मध्ये काहीतरी लटकत होतं.

"मी आले," मी म्हणाले, "तर तू मला कुंकू लावशील?"

पलीकडे नुपूरने कुठलंसं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"सासूबाई येणार आहेत ना आमच्या," ती म्हणाली. "पुण्याहून, खास क्रूझसाठी. मला स्वतःला काही नाही गं, तुला माहितीये. पण त्यांच्यासमोर... तू नुसती ये. तिळगूळ घे, गप्पा मार, फोटो काढ. तेवढा भाग झाला की मग..."

"म्हणजे मी फोटो काढायचे."

"तसं नाही..."

"नो वरीज, नुपूर," मी म्हणाले. खरंच म्हणाले, चिडून नाही. तिची अडचण मला दिसत होती. पण तिच्या सासूबाईंची सोय बघायला मी सात समुद्र ओलांडून इथे आले नव्हते. दुपारी शाल्मलीला शेजारी बसवून मी निळ्या बोटीची चार जणांची केबिन बुक केली. तिघांची नसतेच. पाच वर्षांच्या शाल्मलीने सगळ्यांत वरचा बंक स्वतःसाठी राखून ठेवला आणि तिच्या कापडी सशालाही एक बंक देऊन टाकला.

जानेवारीत पोर्ट मेलबर्नच्या धक्क्यावरून आम्ही निघालो. टास्मानियाला जाऊन परत यायचं होतं. बोट भलीमोठी, आणि मुलांच्या क्लबमधली ताई शाल्मलीला उचलून आत घेऊन गेली, तर शाल्मली दुपारपर्यंत माझ्याकडे फिरकलीच नाही. मी डेकवर खुर्चीत बसले. कुणाचं नाक पुसायचं नव्हतं, कुणाचा बूट शोधायचा नव्हता. हातांचं काय करायचं तेच मला कळेना. शेवटी मी शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्या बाईंचा उडून आलेला टॉवेल घडी करून दिला, मग आणखी एक. त्या म्हणाल्या, "रिलॅक्स, डार्लिंग," आणि मला हसू आलं. हसता हसता थोडं रडूही आलं. श्रीनाथला पोहता येत नव्हतं, पण समुद्र मात्र त्याला फार आवडायचा.

शौनक माझ्याशी कामापुरतं बोलत होता. घसरगुंडीवरून उतरायचा, पुन्हा रांगेत उभा राहायचा, चेहऱ्यावर काही नाही. चुकलं की काय आपलं, हा प्रश्न मी रोज त्याच्याबरोबर त्या रांगेत उभा करत होते.

संक्रांतीला संध्याकाळी मी काळी साडी नेसले. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा, हलव्याच्या दागिन्यांसकट जिच्यात माझे फोटो आहेत ती. आरशासमोर उभी राहून मी स्वतःच्या कपाळावर हळद लावली, मग कुंकू. शाल्मलीने "मला पण" म्हणून कपाळ पुढे केलं, तिलाही लावलं. वेरिबीहून आणलेलं तिळाच्या वड्यांचं पाकीट फोडलं. तेवढ्यात पिवळ्या बोटीवरून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. टॉप डेकवर काळ्या साड्यांची रांग, मधोमध नुपूरच्या सासूबाई, सगळ्यांचे केस वाऱ्यावर उडालेले. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मी खाली 'छान दिसताय सगळ्या' असं लिहिलं, कारण छान दिसतच होत्या. मग फोन बॅगेत टाकला.

"मम, यू गोइंग लाइक दॅट?" शौनकने विचारलं. तो केव्हापासून दारात उभा होता कोण जाणे.

"हो. का?"

त्याने खांदे उडवले. मी वडी पुढे केली. "तिळगूळ घे, गोड बोल." त्याने ती घेतली, तोंडात टाकली आणि चालू लागला. पण लिफ्टपाशी मला माझ्या साडीचा घोळ सावरावा लागला, तेव्हा त्याने दार हाताने अडवून धरलं.

डायनिंग हॉल गच्च भरला होता. आमचं रोजचं टेबल कुणाच्या तरी वाढदिवसासाठी घेतलं होतं, म्हणून आम्हाला खिडकीजवळ दुसरं मिळालं. चार खुर्च्या, चार प्लेटा, चार ग्लास. वेटर नवा होता, हसरा, फिलिपिनो. माझ्या साडीकडे कौतुकाने बघत त्याने मेन्यू मांडले. तीन आमच्यासमोर ठेवले आणि चौथा हातातच धरून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"वेटिंग फॉर डॅड?" त्याने मुलांना लाडाने विचारलं.

मी तोंड उघडलं. या दोन-अडीच वर्षांत या प्रश्नाची उत्तरं मी पाठ करून ठेवली आहेत, मुलांसमोर द्यायची वेगळी आणि मागे द्यायची वेगळी. पण शौनक माझ्याआधी बोलला. मान वर करून, वेटरच्या डोळ्यांत बघून, रोजच्या आवाजात.

"नो. माय डॅड डाइड." मग त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शाल्मलीकडे. "दिस इज ऑल ऑफ अस."

"सॉरी, सर," वेटर म्हणाला. दहा वर्षांच्या मुलाला तो सर म्हणाला. त्याने चौथी प्लेट उचलली, ग्लास उचलला, काटे-चमचे गोळा केले. खुर्ची तेवढी राहिली.

टेबलावर तिथे मोकळी जागा झाली होती. शौनकने ब्रेडची टोपली तिकडे सरकवली, पाण्याचा जग सरकवला आणि स्वतःचे दोन्ही कोपर ऐसपैस पसरून मेन्यू वाचायला घेतला.