उजवा कौल

निपाणीच्या मारुतीरावांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते माझ्या टेबलावर शब्दकोशाखाली पडून होतं आणि शब्दकोश उचलायचं मी टाळत होतो.

मारुतीरावांचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. त्यांच्या अबोलीचा साखरपुडा आमच्या खालच्या घरातल्या आदर्शशी झाला होता. त्यांनी लिहिलं होतं, “फोनवर माणूस सहज खोटं बोलतो, कागदावर जरा अडखळतो, म्हणून पत्र. मुलगा निर्व्यसनी आहे ना, आणि संसाराला सक्षम आहे ना, एवढंच कळवा. तुमच्या शब्दावर तारीख धरतो.”

आमच्याकडे स्थळाची शेवटची चौकशी अशी नात्याबाहेरच्या म्हाताऱ्याकडे करतात. म्हातारा ‘मुलगा चांगला आहे’ असं लिहितो आणि लग्नात पहिल्या पंगतीला बसतो. निर्व्यसनी हा शब्द मी लिहिला असता. पुढच्या शब्दापाशी माझं पेन थांबलं होतं.

कारण आदर्शने मला सांगितलं होतं. वडगावात आमच्या गल्लीत घरोघरी यंत्रमाग आहेत. खासगी बोलायचं असलं की लोक चालत्या मागापाशी जातात; कानाशी तोंड नेल्याशिवाय तिथे काही ऐकू येत नाही. तिथेच तो बोलला. बऱ्याच दिवसांपासून शरीर साथ देत नव्हतं, आता इच्छाही उरली नव्हती. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी पुरत होती. डोकं सतत दुखायचं. भिंतीवरची जाहिरात वाचून तो एका गुप्तरोगवाल्याकडे गेला, त्याने पुड्या दिल्या. मग एका डॉक्टरने मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाला, टेन्शन आहे, लग्न करून टाक. रक्त कुणीच तपासलं नाही.

“काका, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता,” तो कानाशी ओरडला. “मी पुरुष ऱ्हायलो न्हाय काय?”

नेमकी तेव्हाच वीज गेली. माग थांबले आणि शेवटचे शब्द उघड्यावर पडले. स्वयंपाकघराच्या दारात त्याची आई, जयाबाई, उभी होती.

मी काहीतरी पुटपुटलो. माझा जन्म ग्रंथालयात गेला. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते मला सांगता येतं. आतलं मला कितपत कळलंय याची खात्री कधीच नव्हती.

जयाबाई डॉक्टरकडे गेली नाही, गावदेवीकडे गेली. कौल लावायचा ठरला आणि साक्षीला मलाही नेलं. गाभारा अरुंद होता. गुंडू गुरवाने ओली फुलं देवीच्या दोन्ही बाजूंना चिकटवली. आमच्या उजव्या हाताचं पडलं तर लग्न लगेच करायचं, डाव्या हाताचं पडलं तर थांबायचं. धुपाचा धूर आदर्शच्या डाव्या डोळ्यात गेला. उपरण्याने तो डोळा दाबून तो समोर देवीच्या मुखाकडे बघत राहिला.

उजवं फूल सुटलं. जयाबाईने हात जोडले, बायका हलल्या.

“पडलं काय गं?” आदर्शने विचारलं.

“तुझ्या म्होरंच पडलं की. झोपलास काय उभ्या उभ्या?” जयाबाई म्हणाली. बायका हसल्या.

मला हसू आलं नाही. तो हल्ली फाटकाला खांदा घासून आत यायचा. बाजूने येणाऱ्या सायकली त्याला धडकायच्या आणि तो शिव्या खायचा. घरी आल्यावर मी त्याला खुर्चीत बसवलं, एकेक डोळा झाकायला लावला आणि माझी बोटं बाजूने हळूहळू पुढे आणली. उजव्या डोळ्याला उजवीकडची बोटं दिसत नव्हती, डाव्याला डावीकडची. दोन्ही डोळे उघडे असताना बरंचसं निभावून जात होतं, म्हणून त्यालाही कळलं नव्हतं.

“काका, असं का हो?”

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं. “पण हे टेन्शन नव्हे.”

कॅम्प भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर तपासणी केली. कागदावर दोन डोळ्यांच्या नजरेची दोन वर्तुळं छापून आली, दोन्हींच्या बाहेरच्या बाजू काळ्या होत्या. बाईंनी कागद पाहून विचारलं, “इतर काही त्रास? लाजू नका.” आदर्शने माझ्याकडे पाहिलं आणि सगळं सांगितलं. त्याचं शरीर आणि त्याचे डोळे यांचा संबंध कुणी जोडला तो पहिल्यांदाच.

मग रक्ताची तपासणी झाली, डोक्याचा स्कॅन झाला. हार्मोनचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे. त्यांच्या दारात आम्ही दोनदा बसून परत आलो. तिसऱ्या खेपेला त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ वाढली आहे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून असतं ते संप्रेरक ती गाठ भरमसाट बनवते, त्याने पुरुषाचं संप्रेरक दबतं. शिवाय ती वर डोळ्यांच्या नसांवर चढते आहे.

“बहुतेकांची गाठ गोळ्यांनी आकसते. पण आजच सुरू करा. नजर गेली तर परत येईलच असं मी सांगणार नाही.”

जयाबाईने गोळ्यांची पाकिटं देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

“लगीन होऊ दे, मग घेईल. आत्ता सुरू केल्या तर निपाणीला कळंल. देवीनं उजवा दिलाय काका, तुमीच बघितलासा.”

“फूल पडलं ते मी पाहिलं, जयाबाई. त्याला ते दिसलं नाही, तेही पाहिलं.”

तिने कुलूप काढलं नाही. मागाचा आवाज चालूच होता. त्या आठवड्यात आदर्श उंबऱ्याला ठेचकाळून पडला आणि कपाळाची खोक हाताने दाबत माझ्याकडे वर आला.

“पत्र आलंय न्हवं तुमाला? अबोलीच्या बाबांचं. तिनं फोनवर सांगितलं.”

“आलंय. तुझी गोष्ट मी कशी लिहू?”

“लिवा. मी सांगतोय म्हणून लिवा. तोंडानं मला जमंना.”

मी पानभर मजकूर लिहिला. त्याने कागद नाकासमोर धरून सावकाश वाचला. “हे लई पुस्तकी हाय, काका. त्यांना वाटंल मी मेलो.”

दुसरा कागद घेतला. मुलगा निर्व्यसनी आहे. त्याला ग्रंथीचा आजार आहे, त्यामुळे सध्या संसाराला सक्षम नाही. औषधाने तसा होण्याची बरीच आशा आहे, खात्री नाही. लग्न थांबवावं. अबोलीला पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्यावं. हे तो स्वतः सांगतो आहे. खाली त्याने सही केली, शेजारी मी.

आम्ही खाली आलो. आदर्शने तो कागद आईला वाचून दाखवला. जयाबाईने तोंडाला पदर लावला. मग कमरेची किल्ली काढून तिने जमिनीवर ठेवली. त्याच्या हातात दिली नाही. त्याने चाचपून ती उचलली, कपाट उघडलं आणि पहिली गोळी मागापाशी उभ्या उभ्याच घेतली.

टपालपेटी रस्त्यापलीकडे होती. रस्ता ओलांडताना मी त्याचा दंड धरला. बाजूने आलेली रिक्षा आम्हाला घासून गेली. त्याने मान वळवली तेव्हा ती पुढे निघून गेली होती. पेटीपाशी त्याने फट बोटांनी शोधली, पाकीट अर्धं आत सरकवलं आणि थांबला.

“टाकू?”

“तुझं तू बघ.”

त्याने पाकीट सोडून दिलं.