वैशाखऱ्याच्या पंपावरची काठी

मी काठी बोलतेय. म्हाताऱ्याच्या हातातली नव्हे, की गुराख्याच्या खांद्यावरचीही नव्हे. पेट्रोलपंपावर जमिनीखाली मोठाल्या टाक्या असतात. रोज सकाळी त्यांच्या तोंडातून तळापर्यंत उतरायचं आणि आत किती माल शिल्लक आहे ते वर येऊन सांगायचं, हे माझं काम. मी पितळेची, उंचीने दोन माणसांएवढी, आणि पायापासून डोक्यापर्यंत अंगावर आकडेच आकडे. तुम्ही आजवर शेकडो वेळा पंपावर गेला असाल, पण मला पाहिलं नसेल. मी येते तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

भिवंडीकडच्या एका छोट्या कारखान्यात मी घडले. चष्मा लावलेल्या एका कारागिराने दिवसभर बसून माझ्यावर बारीक रेघा कोरल्या. मग वजनमापाच्या साहेबांनी मला निरखून पाहिलं आणि शिक्का मारला. त्या दिवशी मला जरा चढलंच होतं म्हणा ना. आता आपला शब्द शेवटचा, असं वाटलं.

पहिली नोकरी शहापूर तालुक्यात, आटगावजवळ, हायवेच्या पंपावर. तिथे मला कोणी काठी म्हणत नसे. पंपावरची माणसं ‘डिप’ म्हणत आणि ट्रकवाले ‘गज’. या ट्रकवाल्यांच्या तोंडी डिझेल हा शब्दच नसे. त्यांचं सगळं ‘तेल’. बरोबर स्वतःची बांबूची कामटी ठेवत आणि भरून झालं की ती टाकीत बुडवून बघत. आमच्यावर एवढा विश्वास! स्टेशनवर मोटारसायकल लावून कामाला पळणारी मंडळी तर पेट्रोलही म्हणत नसत, नुसता आकडा सांगत. तोही शंभर नाही, एकशे दहा. शंभरचं मागितलं की मशीन कमी देतं, ही त्यांची पक्की समजूत. एवढी वर्षं पंपावर काढली, पण पाटीवर लिहिलेला ‘इंधन’ हा शब्द मी एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मग तिथे पडदा आला. ऑफिसात बसल्या बसल्या टाकीतला माल दाखवणारा. मला मागच्या भिंतीला उभं केलं. पावसाळ्यात माझ्यावर कामगारांचे शर्ट वाळत, उन्हाळ्यात माझ्याने जांभळं पाडत. शिक्का मारलेल्या काठीने जांभळं पाडायची, सांगायलाही लाज वाटते.

तिथून मला अनिलशेठ घेऊन आले. त्यांनी मुरबाड-माळशेज रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे नवा पंप घेतला होता. पडदा त्यांच्याकडेही होता, पण नियमाला काठी लागते म्हणून मी आले.

इकडची तऱ्हा निराळी. इथे गिऱ्हाईक आधी घरचं विचारणार, मग गाडीचं. शेतकरी तेलरंगाने नाव लिहिलेले डिझेलचे कॅन रांगेत ठेवून चहाला जातात आणि येताना भरलेले उचलतात. एकाचा कॅन दुसऱ्याने नेल्याचं मी ऐकलेलं नाही. पेट्रोल भरून झालं की पाईप उंच धरून शेवटचा थेंब टाकीत पडेपर्यंत माणूस हलत नाही, आणि वर गाडी दोनदा हलवून आणखी जागा होते का बघतो. रेशनवर मिळायचं ते इथे घासलेट. माळशेज चढून ओतूरकडे गेलं की तेच रॉकेल. दोन्हीकडची म्हातारी माणसं पंपावर भेटली की कोणाचा शब्द बरोबर यावरून घटकाभर भांडतात. गंमत म्हणजे दोघांच्याही घरी आता गॅसची शेगडी असते.

अशा या पंपावर चैत्रात भावना कामाला आली. वैशाखऱ्याचीच, बारावी शिकलेली. घरी भातशेती, पण ती घरापुरती. तिला महिन्याचा पगार हवा होता. या रस्त्यावरच्या पंपावर बाईमाणूस उभं राहायची ही पहिलीच वेळ. गिऱ्हाइकं आधी बावरली, मग सरावली. सरावला नाही तो सुदाम. सुदाम मुरबाडला शेअर जीप चालवतो. सीटा भरल्यावरच डिझेल भरायचं आणि तेही ट्रिपेपुरतं, ही त्याची रीत. भावना पुढे झाली की तो म्हणे, ‘बाय, तू राहू दे,’ आणि दुसरा कामगार ओमकार मोकळा होईपर्यंत जीपभर माणसं घेऊन थांबे. भावना मग पुढच्या गाडीकडे वळे.

माझं नशीब मात्र तिने उघडलं. कल्याणला तिचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. तिथे सांगितलं होतं की पडदा असला तरी सकाळी टाकीत काठी घालायचीच. ओमकार हसला. ते सांगायचं असतं, करायचं नसतं, असं त्याचं मत. भावनाने दुसऱ्या दिवसापासून रोज सहाला मला पुसून दोन्ही टाक्यांत उतरवायला सुरुवात केली. उतरवण्याआधी माझ्या पायाला ती एक मलम लावी. तळाशी पाणी असलं की ते मलम लाल होतं. एरवी त्याला काही होत नाही. कित्येक वर्षांनी मला माझं काम परत मिळालं. तेव्हापासून ही पोर मला माझ्या कारागिराएवढी जवळची वाटते.

गेल्या आषाढातला रविवार. चार दिवस पाऊस लागून राहिला होता. अशा रविवारी माळशेजचे धबधबे बघायला कल्याणपासून गाड्यांची रीघ लागते आणि घाटाआधी टाकी भरून घ्यावी म्हणून सगळे आमच्याकडे थांबतात. शेठचा वर्षातला सगळ्यात मोठा धंदा त्या तीन-चार रविवारांचा. सहाला भावनाने मला पेट्रोलच्या टाकीत सोडलं. पाय तळाला टेकला आणि मला कळलं. वर आले तर मलम चार बोटं लाल.

तिने मला पुसलं, पुन्हा मलम लावलं, पुन्हा सोडलं. पुन्हा लाल. डिझेलच्या टाकीत सोडलं, तिथे काही नाही. ऑफिसात जाऊन बघितलं तर पडद्यावर सगळं आलबेल. तोवर बाहेर पंधरा-वीस मोटारसायकली उभ्या होत्या.

तिने शेठना कल्याणला फोन लावला. शेठ तसे वाईट नाहीत, पण धंद्याच्या दिवशी माणसाचे कान बंद असतात. पावसाळ्यात थोडं पाणी असायचंच, तळाला राहतं, पडदा बरोबर आहे, काठी जुनी झाली, असं त्यांनी सुनावलं. मी जुनी! भावनाने समजावून सांगितलं की मशीन टाकीच्या तळाजवळूनच ओढतं, म्हणजे गाड्यांत हे पाणीच जाणार. शेवटी शेठ म्हणाले, पंप चालू ठेवायचा नसेल तर उद्यापासून कामाला येऊ नकोस.

भावनाने माझा लाल पाय पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाली, “शेठ, घाटात चढावर गाडी बंद पडंल, तवा तिथं तुमी नसाल, मी पण नसन. पेट्रोल मी देणार नाय.”

तिने मशीनला साखळी लावली आणि बाहेर येऊन सांगितलं की पेट्रोल बंद आहे, मागे मुरबाडला भरा. गोंधळ उडाला. कोणी म्हणालं भाव वाढणार असेल म्हणून साठा दडवलाय. कोणी म्हणालं बाईला मशीन चालवता येत नसेल. एकाने तर ओमकारला बोलावून तू दे म्हणून सांगितलं, आणि ओमकार साखळीकडे बघत नुसता उभा राहिला.

सुदामची जीप डिझेलच्या बाजूला होती. तो उतरून आला. मला वाटलं, आता हा तोंडसुख घेणार. त्याने भावनाच्या हातातून मला घेतलं, माझा लाल पाय जवळ धरून पाहिला, बोट लावून पाहिलं.

“दोनदा टाकलीस?”

“दोनदा टाकली, दादा.”

सुदामने जीप काढली आणि पेट्रोलच्या बाजूला नेऊन आडवी लावली. आतली माणसं ओरडली, त्यांना उशीर होत होता. तो त्यांना म्हणाला, “माजी गाडी डिझलची, माजं काय जातंय. पन घाटात पोरं अडकली तं उचलायला आमालाच जावं लागतं ना.” कल्याणच्या दोन मुलींची स्कूटर अगदी कोरडी होती. ती त्याने टपावर चढवून दोरीने बांधली, मुलींना पुढे बसवलं आणि मुरबाडच्या पंपावर नेऊन सोडलं. तोवर गावच्या दोघा जणांनी बैलगाडीचं जू आणून जीपच्या जागी, पेट्रोलच्या वाटेवर आडवं टाकलं होतं.

दुपारी शेठ तणतणत आले, सोबत कंपनीचा माणूस. त्याने बाटलीत तळाचा माल काढला. खाली ढगाळ पाणी, वर पेट्रोल. टाकीच्या झाकणाचं रबर गेलं होतं आणि चार दिवसांचं पाणी आत उतरलं होतं. टाकीतून पडद्याला माप कळवणारा तळातला भाग गाळाने अडकला होता. हे विकलं असतं तर आज घाटात बंद गाड्यांची जत्रा भरली असती, असं तो शेठना म्हणाला. शेठ बराच वेळ ती बाटली हातात फिरवत राहिले. माफी वगैरे मागणं त्यांच्या जिभेला जमत नाही. जाताना भावनाला एवढंच म्हणाले, “उद्या सहाला ये. उघडायचं का नाही ते तू ठरव.”

टाकी साफ व्हायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवसापासून इथे नवी रीत पडली. गाडी उभी केली की लोक विचारू लागले, ‘काठी टाकलीस का गो?’ आणि भावना मला आणून दाखवू लागली. गावात माझी अशी ओळख झाली की विचारू नका. आता तर शेठनी भावनाच्या हाताखाली रुपा नावाची दुसरी मुलगीही घेतली आहे आणि तीही मलम लावायला शिकली आहे.

तुमच्याकडे मला डिप म्हणत असतील, गज म्हणत असतील, काहीही म्हणोत. पावसाळ्यात घाट चढण्याआधी एकदा विचारा, एवढंच मागणं. विचारलेलं कोणाला लागत नाही.

परवा सकाळी पहिली गाडी सुदामची आली. ओमकार मोकळा होता, तरी त्याने जीप भावनापुढे लावली. ती मला उचलून त्याच्याकडे निघाली. माझ्या पायाचं मलम जसंच्या तसं होतं, आणि कोणी ते बघावं अशी मला हौसही होती. सुदामने हात हलवला.

“नको दाखवू. तू टाकलीस ना? मंग झालं.”

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, टाकीचं झाकण उघडलं. भावनाने मला हळूच भिंतीला टेकवलं आणि पाईप हातात घेतला.